बाबांचं चित्र आणि आत्याबाईचं गाठोडं

आमच्या बैठकीच्या खोलीत बाबांनी केलेलं एक चित्र टांगलेलं आहे आणि त्याला पाचापैकी दोन मार्क मिळालेले आहेत, असं मी परवापरवापर्यंत धरून चाललो होतो. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तसं लिहिलेलंच आहे. दोन, मग तिरपी रेघ, मग पाच. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटायचं. बाबा सावली गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. लोकांच्या पोरांना दहापैकी आठ-नऊ सहज देऊन टाकणारा माणूस स्वतःचं नापास चित्र काच लावून दारासमोर का टांगतो, हे मला कळायचं नाही. मोठा झाल्यावर त्यातच मला त्यांचा मोठेपणा दिसायला लागला. दवाखान्यातल्या सोबत्यांना मी चहा पिता पिता सांगायचो, आमचा बाप असा होता बघा, नापास झाल्याचंही लपवलं नाही.

ते मार्क नव्हतेच. एका साच्यावरून पाच प्रती काढल्या होत्या आणि आमच्या घरची त्यातली दुसरी. हे कळलं तेव्हा मी साठीच्या घरात आलो होतो. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी बापाचा अभिमान बाळगला ती गोष्ट घडलेलीच नव्हती.

चित्र म्हणावं तर त्यात चित्र असं काही नाही. काळ्या आणि काथ्याच्या रंगाचा पसारा आहे. मधोमध एक मोठा गोल, तोही पुरता जुळलेला नाही. खाली गोणपाटासारखा जाळीदार पट्टा. एका बाजूला पानाच्या शिरा, बहुतेक सागाच्या. वर एका ओळीत पाच काळे डाग, अंगठ्यापेक्षा थोडे मोठे. उजव्या कोपऱ्यात एक तिकोनी तुकडा आणि त्याच्या कडेनं बारीक ठिपके. आई रोज त्यावरची धूळ पुसायची आणि म्हणायची, करपलेल्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड दिसतं. जिवतीकडचे एक पाहुणे एकदा त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहिले आणि आमच्याच डोंगराचा नकाशा आहे म्हणून सांगून गेले. बाबा कोणालाच हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "पाहत राह्य." पाहून पाहून माझे डोळे थकले, पण काही दिसलं नाही.

याचा मला रागही यायचा, कारण पाहणं हाच माझा धंदा होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात मी चौतीस वर्षं एक्स-रे काढले. काळ्या-पांढऱ्या सावल्यांवर माझं घर चाललं. हाडातली केसाएवढी भेग मी डॉक्टरांच्या आधी ओळखायचो आणि घरच्या भिंतीवर मात्र ढ. खरं सांगायचं तर मला ते चित्र कधी आवडलंच नाही. बाबा गेल्यावर ते काढून माळ्यावर टाकावं असं दोनदा मनात आलं होतं. आत्याबाई काय म्हणेल म्हणून राहिलं.

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान वारले तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. वय नव्वदीकडे झुकलंय, पण मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. सकाळी आंघोळ झाली की पांढरं लुगडं नेसून ती बैठकीत येते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून वंदना म्हणते. बाबांचं चित्र त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर आहे.

आत्याबाईची एक गोष्ट आमच्या मोहल्ल्यात लहानथोरांना पाठ आहे. आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती विशीतली होती आणि माहेरी आली होती. घरी परतल्यावर आजोबांनी देवाऱ्यातले देव काढले. मूर्ती नव्हत्या, टाक होते, म्हणजे पितळेच्या पत्र्यावर ठोकून काढलेले बोटभर देव. ते गाठोड्यात बांधले आणि विचारलं, नदीवर कोण नेतं? बायामाणसं चळचळ कापत होती. पिढ्यान् पिढ्या ज्यांना भ्यायचं शिकवलं ते देव पाण्यात कोण टाकणार? आत्याबाई उठली. "मी सोता, माह्या हातानं, गाठोडं वैनगंगेत सोडलं. मांगं वळून पाह्यलं नाई." दरवर्षी विहारात कार्यक्रम असला की तिला उभं करतात, ती हे सांगते आणि पोरी टाळ्या वाजवतात. आमच्या घराला मोहल्ल्यात जो मान आहे तो बाबांच्या मास्तरकीमुळे नाही, या गाठोड्यामुळे आहे.

आता चित्राकडे येतो. यंदा धान लोंबीवर आलं होतं तेव्हा नागपूरहून एक मुलगी आली. ती जुन्या छापचित्रांचा अभ्यास करते. बाबा मुंबईला चित्रकला शिकत होते त्या काळात काही पोरं नवेनवे उद्योग करत होती, त्यात बाबांचं नाव तिला कुठल्याशा जुन्या यादीत सापडलं. तिनं हातमोजे घातले, चित्र खाली उतरवलं आणि भिंग लावून बघत बसली. मला वाटलं आता ही हसेल. ती म्हणाली, "काका, हे फार सुंदर आहे." मी चहा आणायला आत गेलो. पाचापैकी दोनचं तिला बोललो नव्हतो हे बरं झालं, कारण थोड्या वेळानं तिनं स्वतःच प्रतींचा हिशेब समजावून सांगितला.

ते करायची रीतही तिनंच सांगितली. जाड पुठ्ठा घ्यायचा. त्यावर हाताशी येईल ते चिकटवायचं, कापड, दोरी, पान, गोणपाट. खडूची पूड डिंकात कालवून तिचा लेप द्यायचा आणि तो ओला असताना त्यात काहीबाही दाबून ठसे घ्यायचे. सगळं वाळलं की वरून लाखेचा हात फिरवायचा, शाई भरायची, ओलसर कागद ठेवायचा आणि यंत्राखाली दाबायचा. वस्तूंचं चित्र काढायचं नाही, वस्तूंनाच कागदावर उमटू द्यायचं. मला ते एकदम पटलं. एक्स-रेत तरी दुसरं काय असतं?

तिला ते चित्र प्रदर्शनासाठी हवं होतं. जाताना एक फॉर्म देऊन गेली. त्यात चित्र कशाकशाचं बनवलंय हे लिहायचं होतं. "घरात कुणी मोठं असेल तर विचारा," ती म्हणाली, "हा पुठ्ठा त्यांनी सुटीत गावीच केला असणार, पान इकडचं आहे." काच काढून जवळून फोटो पाठवायलाही सांगितलं. रस्त्यावर वाघ दिसतोय म्हणून मी तिला चारच्या आत गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आलं तसे मी मोबाईलवर फोटो काढले. जुन्या सवयीनं एक फोटो उलटा करून पाहिला. म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं. आमच्या धंद्यातला माणूस असाच बघतो. आणि त्या पाच डागांमध्ये मला माणसं दिसली.

एक घोड्यावर बसलेला होता. एक बाई उभी होती, दोन्ही हात खाली सोडून. बाकीचे तिघं पुसट, पण डोकं-खांदे कळत होते. मला ओळखायला वेळ लागला नाही. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यातलं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं, आणि खेड्यापाड्यातून आलेल्या माणसांच्या गळ्यातले असले टाक मी शेकड्यांनी हातात घेतले आहेत. हे टाकच होते. पाच टाकांचे ठसे.

प्रथम मी हसलो. ज्या घरात देव नाही म्हणून आम्ही अभिमानानं सांगतो, त्या घरात तथागतांच्या शेजारी पाच देव साठ वर्षं बसून आहेत! मग चित्राखालचं साल पाहिलं आणि हसू गेलं. ते दीक्षेच्या दोन वर्षांनंतरचं होतं. देव जर तेव्हा बाबांच्या हातात होते, तर आत्याबाईनं नदीत काय सोडलं?

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाबांनीच गाठोड्यातून टाक काढून घेतले असणार, त्यांच्या चित्रासाठी म्हणा किंवा कशासाठीही, आणि बहिणीच्या हाती भलतंच बांधून दिलं असणार. याखेरीज मला काही सुचेना. पण हेही पटेना. बाबा मुलखाचे सरळ. विहाराची पहिली भिंत त्यांनी स्वतः माती तुडवून उभी केलेली. असा माणूस देव लपवून ठेवील? ठेवले तर कशासाठी? श्रद्धेनं, की पत्र्यावरची उठावदार नक्षी आयती मिळाली म्हणून? चित्रात त्यांनी देव पुरून टाकले होते की जपून ठेवले होते? मी तो फोटो सुलटा करून पाहिला, उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला. बाबांवर चिडलो, मग मेलेल्या माणसावर काय चिडायचं म्हणून स्वतःवर चिडलो.

आणि आत्याबाईचं काय? तिच्या आयुष्यात नवरा लवकर गेला, पोरगी लग्न होऊन नागपूरला गेली. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ ते एक गाठोडंच होतं. ते फसवं होतं आणि फसवणारा तिचाच भाऊ, हे या वयात तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? ठरवलं, नाही सांगायचं. फॉर्मवर गोणपाट आणि सागाचं पान लिहून मोकळं व्हायचं.

चार दिवस मी तोंड दाबून होतो. पण मला ते जमत नाही. तिच्यासमोर बसलो की मी उगाच खाकरायचो, चहा हवा का म्हणून दहादा विचारायचो. त्यात नागपूरच्या मुलीचा दोनदा फोन आला, घरातल्या मोठ्यांना विचारलं का म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी वंदना आटोपून आत्याबाई ओसरीवर वाल सोलत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय झालं रे बाबू? पोटात दुखून राह्यलं का?"

मी मोबाईल तिच्या हातात दिला. "आत्याबाई, हे पाह्य. बाबाचं चित्र होय. आता दिसते का काही?"

तिनं मोबाईल लांब धरला, मग जवळ घेतला. मग घोड्यावर बोट ठेवून म्हणाली, "याचा पाय दबला आहे पाह्य. घासता घासता माह्या हातून पडला होता. बापानं मारलं होतं मले."

मी घाईघाईनं बोलायला लागलो. चार दिवस मनात घोळवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "बाबानं गाठोड्यातून आधीच काहाडून ठेवले असन. तुले काय माहीत त्यात काय होतं? तुहा काही दोष नाई, आत्याबाई."

"त्यानं नाई काहाडले," ती म्हणाली.

"मंग?"

"म्याच काहाडले."

वालाच्या शेंगांची परात तिनं बाजूला सरकवली आणि सांगायला लागली. तिची पोरगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि तापानं फणफणली होती. सगळ्यांसमोर ती हिमतीनं उठली होती, पण नदीच्या वाटेवर पाय उचलेनात. पोरीला काही झालं तर? तिनं गाठोडं सोडलं, टाक काढून घेतले, आत गोटे भरले आणि गोटे नदीत सोडले. टाक आपल्या जुन्या चोळीत गुंडाळून गोठ्याच्या छपरात कवेलूखाली खुपसून ठेवले. "पोरगी दोन दिवसात बरी झाली. डॉक्टरानं सुई देली होती. पन मले का माहीत, सुईनं झाली का कशानं झाली? मंग ते तिथून हालवाची हिंमतच नाई झाली."

दोन वर्षं ती माहेरी आली की गोठ्यात जाऊन कवेलूखाली हात घालून बघायची. लोक तिला गोष्ट सांगायला लावायचे आणि ती सांगायची.

"मंग एका उन्हाळ्यात आली," ती म्हणाली, "अन् पाह्यते तं देवाच्या अंगावर पांढरं! नाकात, डोयात, बोटाइच्या मधात. कोड फुटावा तसं. अन् चोळीचा एक तुकडा गायब. मले वाटलं चोळी उंदरानं कुरतडली, अन् देव कोपले. इतकी भेली मी का त्याच दुपारी उन्हात नदीवर गेली अन् टाकून आली. तवा खरंच टाकले. अन् मांगं वळून पाह्यलं बी."

आतापर्यंत माझ्या सगळ्या समजुतींचा चुराडा झाला होता, पण एवढं मात्र मला कळलं. उन्हाळ्यात कॉलेजला सुटी असायची. बाबा घरी यायचे, आणि पुठ्ठे, डिंक, शाई असला त्यांचा पसारा आजी घरात येऊ देत नसे, म्हणून ते गोठ्यात बसायचे. मी आत्याबाईला खडूच्या पुडीचं आणि डिंकाच्या लेपाचं सांगितलं. ओल्या लेपात टाक दाबून ठसा घेतला की पांढरं त्यांच्या फटीत बसणारच, कितीही पुसलं तरी.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग ते पांढरं त्याचं होय?"

"हो."

"देवाचं नाई?"

"खडू होता, आत्याबाई."

तिनं मोबाईल पुन्हा मागितला. मोबाईल नको म्हणून मी आतलं चित्रच आणून तिच्या मांडीवर दिलं. काच नव्हतीच. तिनं देवांकडे पाहिलंही नाही. तिचं बोट सरळ उजव्या कोपऱ्यात गेलं, त्या तिकोनी तुकड्यावर. त्याच्या कडेचे बारीक ठिपके आम्ही सगळे नुसते टोचे समजत होतो. ती शिवण होती. "हे माह्या चोळीचं ठिगळ," ती म्हणाली. "बोराटीच्या काट्यानं फाटली होती. काळा जाड दोरा घेऊन मीच लावलं होतं. तुह्या बाबासमोरच बसून लावलं होतं." मग तिनं बोट उचललं. "म्हणजे त्याले माहीत होतं."

मी म्हटलं, "मी त्या पोरीले फोन करून देतो. काही समजलं नाई म्हणून सांगतो. गोणपाट अन् पान, बस."

"काऊन?" ती एकदम तडकली. "लिही ना. देवाचे ठसे लिही. चोळी बी लिही. बहिनीची होती म्हणून लिही."

मी बरं म्हटलं. तिला काय वाटत होतं ते मला अजिबात कळत नव्हतं. राग होता, लाज होती, की सुटल्यासारखं वाटत होतं, तिच्या चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं. ती चित्र मांडीवर घेऊन बसली होती, जसं कुणाचं मूल घेऊन बसावं. ओसरीवर ऊन आलं तरी हलली नाही.

"विहारात मी सांगो," ती हळू आवाजात म्हणाली, "तं तो दरवर्षी समोर बसून ऐके. टाळ्या बी वाजवे. मी बसली का मले पानी आनून दे."

मला ते आठवत होतं. बाबा तांब्या घेऊन उठायचे. मला वाटायचं, बहिणीचं कौतुक.

"बाबू," तिनं माझा हात धरला. "तू तं जलमभर लोकाइच्या आतलं पाहत आला. नीट पाह्यून सांग मले. तो रागावला होता काय?"

मी चित्राकडे पाहिलं. गोल, गोणपाट, पानाच्या शिरा, पाच डाग, एक ठिगळ. मी खरंच पाहिलं, इतकं नीट त्याआधी कधी पाहिलं नसेल. त्यात राग होता की माया होती, की एका पोरसवदा चित्रकाराला हाताशी लागलेल्या वस्तूंचा नुसता आनंद होता, मला काही म्हणजे काही कळलं नाही. आजही कळत नाही.

"नाई, आत्याबाई," मी म्हटलं. "रागावले नव्हते."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं मान डोलावली. मग त्या ठिगळावर हात ठेवून ती रडायला लागली. नव्वदीची बाई, ओठ काढून लहान पोरीसारखी. "मंग एकदा तरी 'मले माहीत आहे' म्हनाचं होतं ना त्यानं मले," ती म्हणाली. "एकटीलेच ठेवलं न मले."